डावरे हिरो

आई,

काल दुपारी तो विहिरीचा पिक्चर परत पाहिला. दोन भावांचा, ज्यात धाकटा भर उन्हाळ्यात एकटा विहीर खणतो आणि पाणी लागतं त्याच दिवशी घर सोडून जातो. गणपतीत आपल्या शाळेपुढच्या पटांगणात दाखवला होता आणि तू पदराचा बोळा तोंडात धरून रडली होतीस. आता त्याची सीडी भाड्यानं मिळते. इथे नाशिकला द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीतून जीव मुठीत धरून पलीकडे गेलं की एक दुकान आहे, तिथून मी आठवड्याला दोन-तीन आणते. दोन सीड्यांत मिळून एक पिक्चर असतो, मध्ये उठून बदलावी लागते, तेवढंच आपलं रीळ बदलल्यासारखं वाटतं. तर सांगायला वाईट वाटतं, पण पिक्चर अगदी टाकाऊ आहे. धाकटा विहीर खणतो म्हणतात, पण त्याच्या हाताला एक घट्टा नाही. त्यातली आई मरायला इतका वेळ घेते की मध्ये मी कुकर लावून आले, तरी ती बोलतच होती. आपण कशासाठी रडलो होतो ते मी शोधत बसले आणि मला सापडलं नाही.

ह्यांना वाटतं मला पिक्चरचं वेड आहे. आल्या-गेल्याला सांगतात, 'हिला विचारा, ही पिक्चरची मास्तरीण आहे.' असू दे. मला खरंच त्यातलं थोडंफार कळतं असं माझं मत आहे, आणि ते माझ्यात कुठून आलं ते तुला माहीत आहे. पण हल्ली मी जुने पिक्चर शोधून शोधून बघते आहे ते वेडापायी नाही. माझी मुलगी पाच वर्षांची झाली. तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे, आणि हात माझा. बाळपणी पहिली खुळखुळ्याची मूठ तिनं डाव्या हाताची वळली तेव्हाच मी ते ओळखलं होतं. त्या हाताचं काय करायचं, हे विचारायला मला कोणी नाही. तुझ्याकडे जे उत्तर होतं ते त्या पडद्यावरचं होतं, म्हणून मी पडद्यापाशी परत गेले.

आपला पडदा कसा असायचा ते मी मुलीला सांगते तेव्हा तिला खोटं वाटतं. दोन बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं कापड, नाशिकहून टेम्पोतून आलेलं मशीन, आणि त्या मशीनच्या बाजूला सगळी पुरुष मंडळी पसरलेली. बायका भांडी घासून, पोरांना घेऊन येईपर्यंत पुढे पाय ठेवायला जागा नसायची, आणि असती तरी तिकडे जायची रीत नव्हती. आपण पडद्याच्या मागे बसायचो. कापडातून चित्र इकडेही दिसायचंच, थोडं फिकट एवढंच. गाणी ऐकू यायची, रडणं ऐकू यायचं. आपल्याला काही कमी आहे असं कोणालाच वाटलं नाही. सुरुवातीची नावं उलटी दिसायची, पण मागच्या बाजूला वाचता येणारं होतं कोण. मी दुसरीत गेल्यावर अक्षरं लावून पाहिली आणि ती लागली नाहीत, तेव्हा मला वाटलं ही मुंबईची भाषा असेल.

आणि त्या उलट्या बाजूनं सगळे हिरो डावरे होते. तो मिशीवाला इन्स्पेक्टर डाव्या हातानं पिस्तूल काढायचा. वकील डाव्या हातानं सही करायचा. राखी बांधायची बहीण भावाच्या डाव्या मनगटावर बांधायची, आणि दमून घरी आलेला मुलगा आईसमोर पाटावर बसून डाव्या हातानं पहिला घास घ्यायचा. मी तुझ्या मांडीवर असायचे. घास घेतला की तू मला कोपरानं हळूच ढोसायचीस.

आत्याची तेव्हा घरात सत्ता होती. विधवा होऊन माहेरी आल्यापासून चुलीपासून फुलांच्या पाट्यांपर्यंत सगळं तिच्या नजरेखालून जायचं, आणि माझा डावा हात तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ताट पुढे आलं की तिचं सुरू व्हायचं. 'ये डावरे, उद्या लोकाच्या पंगतीत बसलीस तर नाक कापशील आमचं. डाव्या हातानं खाणारीच्या घरात लक्ष्मी टिकती का?' एकदा तिनं उलथनं मारलं होतं, मनगटावर. तू चुलीपुढून उठलीस. तू तिच्यापुढे कधी तोंड उघडत नव्हतीस, म्हणून तू उठलीस यानंच सगळे गप्प झाले. तू म्हणालीस, 'अक्का, शिनेमात समदे डाव्याच हातानं खातात. तो इन्स्पेक्टर नाय का, आईच्या हातचं जेवतो ते? तुम्ही बी पाहिलंय. त्याच्या घरात तर लय लक्ष्मी हे.' आत्यानं पाहिलं होतंच, ती आपल्या शेजारीच बसली होती. ती नाही कसं म्हणणार? दादा पुढच्या बाजूला बसायचे, त्यांनी ओसरीवरून विचारलं, 'कोण डावरा?' तू म्हणालीस, 'अहो, तुम्ही तर पहिल्या रिळालाच झोपता.' हेही खरं होतं. मला आठवतं, आत्यानं उलथनं खाली ठेवलं आणि नुसतं म्हणाली, 'शिनेमावाल्यांचं निराळं असतं.' पण त्यानंतर तिनं हात उचलला नाही. गावातल्या बायकांतही ते पसरलं. माझ्या डाव्या हाताला कोणी काही बोललं की दुसरी कोणीतरी म्हणायची, असू दे बाई, हिरोईन होईल.

मळ्यात तू मला सरीच्या पलीकडच्या बाजूला उभी करायचीस. तू उजव्यानं झेंडू तोडायचीस, मी डाव्यानं, आणि मधली एकच पाटी दोघींना पुरायची. मला तेव्हा वाटायचं जगात हात असेच वाटून दिलेले असतात, निम्मे इकडचे आणि निम्मे तिकडचे.

मग तो दसरा. आदल्या रात्रीपासून टेम्पोत फुलं भरलेली, पहाटे पंचवटीतला फुलबाजार, आणि त्या वर्षी झेंडूला इतकी मागणी की दुपारच्या आतच पाट्या रिकाम्या झाल्या. दादांना टेम्पोवाल्याबरोबर कुठे जायचं होतं. तू मला घेऊन चालत निघालीस आणि कुठे चाललो ते सांगितलं नाहीस. टॉकीजच्या दारात आपण उभ्या राहिलो तेव्हा तुझ्या पदराला झेंडूचा वास होता आणि नखं हिरवी होती. आत अंधारात शिरताना तू बॅटरीवाल्याला विचारलंस, 'बायांची बाजू कुठं हे?' तो हसला. म्हणाला, 'मावशी, इथं एकच बाजू. कुठंबी बसा.' तू तरी एकदा पडद्याच्या कडेला नजर टाकलीस, तिथून मागे जायला वाट आहे का बघायला. मग आपण बसलो. खुर्ची आपोआप मिटली तेव्हा तू दचकलीस आणि मग तिच्या कडेवरच टेकून राहिलीस.

तोच इन्स्पेक्टर होता. पिक्चर नवा, पण मिशी तीच, आई तीच. आणि तो घरी आला, टोपी काढून ठेवली, पाटावर बसला आणि उजव्या हातानं जेवायला लागला. मी तुझ्या कानाशी म्हटलं, 'आई, हा तर उजव्या हातानं खातोय.' तू म्हणालीस, 'गप. पिक्चर बघ.' त्यानंतर तू मला ढोसलं नाहीस. मी पडदा सोडून तुझ्याकडे बघत होते. तुझ्या तोंडावर उजेड हलत होता आणि तू पापणी न हलवता समोर बघत होतीस. राखी उजव्या मनगटावर बांधली गेली. सही उजव्या हातानं झाली. मग आपण एसटीनं परत निघालो. मला वाटलं आता संपलं, उद्यापासून आत्याचं उलथनं परत.

घरी पोचलो तर आत्या सोनं वाटायची तयारी करत बसली होती. तिनं विचारलं, 'कसा हे म्हणं टाकीजातला शिनेमा?' तू चपला काढल्यास, पाय धुतलेस, आणि पाय पुसता पुसता म्हणालीस, 'आपल्यासारखाच. चित्र मोठं दिसतं. समदे डावरे.' एवढंच. मी शेजारी उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. आई, मी त्यानंतर किती नट-नट्या पाहिल्या, भल्याभल्यांना खोटं रडताना पकडलं, पण इतक्या सरळ तोंडानं बोललेलं खोटं मी पुन्हा पाहिलं नाही. तुला त्या दिवशी टॉकीजात कळलं, की पडद्यामागे बसूनही आधीपासून माहीत होतं, हे कळायला आता मार्ग नाही. कधी मी हे एकीकडून धरून पाहते, कधी दुसरीकडून. दोन्हीकडून तूच मोठी निघतेस आणि मला त्याचा त्रास होतो.

कारण मी काय केलं ते तू पाहिलंस. लग्न होऊन इथे आले, पहिल्या दिवशी पंगतीला बसले, आणि कोणी एक शब्द बोलायच्या आत माझा उजवा हात ताटात गेला. मला कोणी मारलं नव्हतं, टोकलंही नव्हतं. नव्या घरातले सगळे हात एका दिशेनं हलत होते, त्यात माझाही हलला. महिनाभर भाताची शितं सांडली, मग सवय झाली. तू पहिल्या दिवाळीला आलीस तेव्हा सासूबाईंनी आपल्याला शेजारी-शेजारी पाट मांडले. तू माझ्या हाताकडे बघत राहिलीस. पुरणपोळी तुझ्या ताटात तशीच होती. हात धुवायला मोरीपाशी गेलो तेव्हा तू हळूच विचारलंस, 'डावा हात दुखतो का गं?' मी काही म्हणणार तेवढ्यात सासूबाई सुपारी घेऊन आल्या. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली तुला. दवाखान्यात तू डोळे मिटूनच असायचीस, आणि ते उत्तर तसंच राहिलं.

आता नव्या पिक्चरांविषयी सांगते, म्हणजे तू काही चुकवलंस असं वाटून घ्यायला नको. कॉलेज रोडकडे मोठी चकाचक टॉकीजं झाली आहेत, एकाच इमारतीत चार-चार. ह्यांनी मागच्या महिन्यात नेलं होतं. परदेशात राहणारं घर, बर्फात नाच, आणि मग सगळे लग्नाला गावी येतात. त्या लग्नात झेंडूच झेंडू, खांबांना, जिन्याला, हत्तीला. मी बराच वेळ निरखून पाहिलं. एक फूल करपलेलं नाही, एका माळेत लहान-मोठं नाही. ती फुलं कोणी तोडली असतील असं वाटतच नाही. ह्यांना गाणं आवडलं. दुसरा एक पाहिला, त्यात हिरोला सगळं विसरायचा आजार असतो, तो बरा बांधला होता, पण शेवटी त्याला सगळं आठवतं. का आठवावं? आठवून कोणाचं काय भलं झालं? मी तसं म्हटलं तर हे म्हणाले, 'तू पिक्चर बघायला येतेस की भांडायला?'

आणि तो सासुरवासाचा, ज्याला आख्खं गाव रडलं होतं, तोही परत पाहिला. सगळा पिक्चरभर सासू छळते आणि शेवटच्या पाच मिनिटांत सुनेच्या पाया पडते. लहानपणी त्या पाच मिनिटांवर माझा विश्वास होता. आता वाटतं, लिहिणाऱ्याला सासू माहीतच नव्हती. छळणारी सासू सोपी असते गं. माझ्या सासूबाई छळत नाहीत. त्या माझ्या मुलीच्या डाव्या हाताला जेवताना रुमाल बांधतात, त्याला दोन गाठी मारून कान काढतात आणि म्हणतात, 'हा ससा. सशाला आता झोपवायचं. चांगला हात जेवेल, तोवर ससा झोपेल.' मुलगी खिदळते. सशाला मांडीवर झोपवते. उलथनं असतं तर मी उठले असते, असं मी स्वतःला सांगते. सशासमोर कसं उठायचं?

मी एकदा त्यांना म्हटलं, 'आई, राहू द्या ना तिला डाव्यानं.' सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, 'अगं, तुझा नाही का सुटला? तुला कुणी मारलं का?' ह्यांनी पेपरातून मान वर काढून विचारलं, 'तू डावरी होतीस?' लग्नाला सात वर्षं झाली आहेत.

तर मी हे केलं. टीव्ही हॉलमध्ये असतो आणि समोर लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला उंच आरसा. एका दुपारी सीडी लावून मी परडीत मटार सोलत टीव्हीकडे पाठ करून बसले होते आणि सहज वर पाहिलं, तर आरशात इन्स्पेक्टर डाव्या हातानं पिस्तूल काढत होता. मटार खाली सांडले. तीच बाजू, आई. आपली बाजू. थोडं फिकट, थोडं लांब, आणि सगळे पुन्हा डावरे. तेव्हापासून मी तसेच बघते. सासूबाई दुपारी भजनाला गेल्या की टीव्हीचं स्टूल जरा वळवते आणि आरशापुढे बसते. खरं सांगते, त्या बाजूनंही पिक्चर वाईटच आहेत. मला वाटलं होतं तिथून तरी रडू येईल, ते आलं नाही. शेजारी कोणी कोपरानं ढोसत नाही तोवर ते नुसतं उलटं चित्र असतं.

पण मला वाटलं, मुलीला चालेल. गेल्या शनिवारी तिला शाळेतून आणलं, आरशासमोर बसवलं, मांडीवर घेतलं. तोच पिक्चर लावला, दसऱ्याचा. तिला म्हटलं, 'आता बघ हं, हा हिरो कोणत्या हातानं जेवतो.' तो आला, टोपी काढली, पाटावर बसला, डाव्या हातानं घास घेतला. मी तिला ढोसलं. ती आरशाकडे बघून खूश झाली. म्हणाली, 'ससा हात.' मग तिनं मान वळवली, मागे टीव्हीकडे पाहिलं, परत आरशात पाहिलं, परत टीव्हीकडे. म्हणाली, 'आई, खरा तर चांगल्या हातानं जेवतोय.'

मला काय म्हणायचं होतं ते मला पाठ होतं. गप, पिक्चर बघ. एवढे तीन शब्द. तोंडही उघडलं. आणि तिच्या डोळ्यांकडे बघून मी म्हटलं, 'हो गं.' त्या वेळी तिला भूक लागली होती, मी ताट वाढून आणलं. सासूबाई अजून भजनातच होत्या, घरात दोघीच होतो, कोणीही बघत नव्हतं. ती उठली, दोरीवरचा रुमाल ओढून आणला आणि डावा हात माझ्यापुढे धरला. मी बांधला. गाठी नीट आल्या नाहीत, कान लोंबत होते. तिनं ते आपल्या हातानं नीट केले आणि जेवली.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तुला वाचता येत नव्हतं, मामाची पत्रं आली की मीच वाचून दाखवायचे, आणि त्यात काही वाईट असलं तर गाळून वाचायचे, हे तुलाही ठाऊक होतं. हे पत्र मला गाळून वाचता येणार नाही. तेव्हा ते असंच राहील.

एकच सांगायचं राहिलं. आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी टीव्ही लावला नाही. ताट घेऊन कपाटापुढे बसले, आणि डाव्या हातानं जेवून पाहिलं. पहिला घास तोंडापर्यंत आला, दुसरा मांडीवर सांडला, तिसऱ्याला बोटं जुळलीच नाहीत. आरशात ती बाई उजव्या हातानं सांडत होती. मी उरलेला भात दुसऱ्या हातानं संपवला आणि जमीन पुसून घेतली. मोरीपाशी तू विचारलं होतंस ना, डावा हात दुखतो का. नाही दुखत, आई. त्याला आता काही येतच नाही.